जोडून सुट्टी आणि दालन क्रमांक दोन

गावातलं किंवा तालुक्यातलं छोटं वस्तुसंग्रहालय कधी बघावं, याबद्दल जाणत्या मंडळींचं एकमत आहे. मधल्या वारी जावं, सकाळी दार उघडताच जावं, शाळेची सहल आलेली नाही ना याची चौकशी करून जावं आणि शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली असेल तर त्या वाटेलाही फिरकू नये. सल्ला सज्जनपणाचा आहे आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालयासारख्या मोठ्या घराला तो शोभतोही. छोट्या संग्रहालयाला मात्र तो साफ गैरलागू आहे. जोडून आलेल्या सुट्टीतली दुपारी बारा ते तीनची वेळ, बाहेर रणरणतं ऊन, आत एका पंख्याखाली तीन कुटुंबं आणि 'चला पुढे, चला पुढे' करणारे एक काका, हाच छोटं संग्रहालय बघायचा मुहूर्त, असं माझं म्हणणं आहे. हे ऐकून इतिहासप्रेमी कपाळाला हात लावतील. लावोत. हात कपाळावर आहे तोवर तो काचेला लागत नाही, आणि तशी सूचना तिथल्या भिंतीवर लिहिलेली असतेच.

मुळात सुट्टीच्या दिवशी अशा ठिकाणी येतं कोण? संग्रहालय बघायचं म्हणून घरातून निघालेला माणूस त्या गर्दीत शोधूनही सापडत नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला लोक येतात ते यमाईच्या दर्शनाला. मूळपीठाचा डोंगर उतरताना वाटेत श्री भवानी संग्रहालय लागतं, पाय दुखत असतात आणि आत सावली असते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला लोक येतात गोरोबाकाकांच्या समाधीला. दर्शन आटोपलं, जेवायला अजून अवकाश आहे, मग 'इथं काहीतरी म्युझियम आहे म्हणे' असं कुणीतरी म्हणतं आणि सगळी जीप लामतुरे संग्रहालयाच्या दारात उतरते. भायखळ्याला पेंग्विन बघून झालेली पोरं कंटाळतात, तेव्हा राणीच्या बागेच्या दारातच १८७२ पासून उभ्या असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची आई-वडिलांना आठवण होते. थोडक्यात, सुट्टीच्या बेतात छोट्या संग्रहालयाचा नंबर देव, जेवण आणि स्वच्छतागृह यांच्या नंतरचा. कित्येकदा तर तिसऱ्याची सोय तिथे आहे म्हणूनच चौथ्याचं भाग्य उजळतं. विद्वानांना यात इतिहासाचा अपमान दिसतो. मला यात त्या प्रेक्षकाची पात्रता दिसते. तो तयारी करून आलेला नसतो, त्यामुळे भारावलेलाही नसतो. मोठ्या संग्रहालयात माणूस देवळात बोलावं तसं हळू बोलतो आणि न समजलेल्या वस्तूपुढेही मान डोलावतो. छोट्या संग्रहालयात तो पहिल्याच कपाटापाशी थांबून खणखणीत आवाजात म्हणतो, "हे तर आपल्याकडे होतं!" माझा सगळा मुद्दा या एका वाक्यावर उभा आहे.

कारण ते वाक्य बहुधा खरं असतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचंच बघा. दिनकर गंगाधर केळकर 'अज्ञातवासी' या नावानं कविता करत आणि पोटासाठी चष्म्यांचं दुकान चालवत. १९२० च्या सुमारास त्यांना जमवायचा नाद लागला आणि पुढची कित्येक दशकं गावोगाव हिंडून त्यांनी काय जमवलं, तर अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, फण्या, वज्र्या, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी. अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि जागेअभावी मांडलेल्या आहेत त्या अडीच हजारांच्या आसपास. कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल सोडला, तर यातलं बहुतेक सगळं कुणाच्या ना कुणाच्या माजघरातून, माळ्यावरून, न्हाणीघरातून आलेलं. स्टीलची भांडी घरात आली तसं पितळ-तांबं मोडीत निघालं. केळकर आडवे आले नसते तर ते भट्टीत गेलं असतं. मग आज त्या काचेसमोर अधिकारवाणीनं बोलायचा हक्क कुणाचा? जिच्या आजेसासूनं ती वस्तू मोडीच्या भावात काढली, तिचाच. घरातून किलोवर गेलेली वस्तू आता तिकीट काढून बघावी लागते, एवढाच काय तो फरक.

छोट्या संग्रहालयातल्या पाटीची या बाबतीत काहीच मदत होत नाही. ती साधारण तीन गोष्टी सांगते: नाव, काळ आणि कुठे सापडलं. 'मडके. सातवाहन काळ. तेर.' मडकं आहे हे दिसतं. तेरचं आहे हे तेरला येऊन पोचलेल्या माणसाला कळतं. राहिला काळ, त्याचा अर्थ बघणारा 'लई जुनं' असा लावतो आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. आता सुट्टीतल्या दालनात वज्रीच्या कपाटापुढे काय चालतं ते ऐका. खाली खरखरीत तळ, वर मोर नाहीतर हत्ती, एखादीला घुंगरू. पाटीवर 'वज्री. पितळ.' एवढंच. कॉलेजातला मुलगा म्हणतो, पेपरवेट असणार. सून म्हणते, लहान मुलांची इस्त्री. मग मागून कुणीतरी आत्याबाई पुढे येतात आणि चारचौघांत पाय उचलून, चप्पल काढून, टाच कशी घासायची ते दाखवतात. तिथून विषय भेगांवर जातो, भेगांवरून अनवाणी चालण्यावर, त्यावरून शेणानं सारवलेल्या जमिनीवर आणि अंगणातल्या न्हाणीच्या दगडावर. दोन मिनिटांत त्या पितळी मोराखाली एक अख्खं घर उभं राहतं. वज्रीला मोर कशाला, असं कुणी विचारलंच तर उत्तरही तयार असतं: दिवसभर राबलेल्या बाईनं एकदा तरी चांगलं काही हातात धरावं म्हणून. हे उत्तर कोणत्याही सूचीत सापडणार नाही. खरं आहे की नाही देव जाणे, पण यापेक्षा पटेल असं मी वाचलेलं नाही.

याहून मोठी गंमत धान्य मोजायच्या मापांपाशी असते. बहुतेक छोट्या संग्रहालयांत ही मापं असतात आणि बहुतेकांत ती थोरल्या-धाकट्या भावंडांसारखी ओळीनं मांडलेली असतात: चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पाटी फारच उदार असली तर एवढं सांगते. पण दालनात सत्तरी उलटलेले एखादे आजोबा असले तर ते लगेच विचारतात, "शिगेचं की सपाट?" आणि खरा इतिहास तिथून सुरू होतो. मापावर धान्याचा ढीग राहू द्यायचा की हात फिरवून काठोकाठ सपाट करायचं, यात पायलीमागे कितीतरी मुठींचा फरक पडतो. सावकार देताना सपाट देई आणि सुगीला परत घेताना शिगेचं घेई, शिवाय दीडपट नाहीतर दुप्पट. पायली तीच, कपाटातली. तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नाही. ग्रामीण कर्जबाजारीपणावर लिहिलेले जाडजूड अहवाल ज्या गोष्टीसाठी चार प्रकरणं खर्च करतात, ती आजोबा हवेतल्या हवेत तळवा फिरवून सांगतात. आणि दुसऱ्या कुटुंबातले दुसरे आजोबा तिथे असले तर आणखी बरं. कारण त्यांच्या भागात शेर वेगळा असतो, पायली वेगळी असते, आणि 'तुमची पायली लहान' या मुद्द्यावर सोलापूर आणि सातारा यांच्यात तिथल्या तिथे जी लढाई जुंपते, ती दालनातल्या सगळ्या तलवारींपेक्षा प्रेक्षणीय असते.

आता प्रश्न असा, की हे आजोबा आणि या आत्याबाई मंगळवारी सकाळी का येत नाहीत? कारण साधं आहे. त्यांना गाडीतून आणणारा मुलगा मंगळवारी ऑफिसात असतो. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शेर आणि पायली कायद्यानं बाजारातून उठली, खेड्यातल्या घरांत आणखी काही वर्षं टिकली. म्हणजे ज्यांनी बाजारात पायली मोजताना पाहिली ती मुलं आज सत्तरीच्या पुढे आहेत. या वयाच्या माणसाचा दिनक्रम स्वतःच्या हातात नसतो. तो मुलाच्या रजेवर, नातवाच्या क्लासवर आणि गाडीतल्या सातव्या सीटवर ठरतो. हे तिन्ही ग्रह फक्त जोडून आलेल्या सुट्टीत एका राशीला येतात. मधल्या वारी जाणाऱ्या सुज्ञ अभ्यासकाला दालन निवांत मिळतं हे खरं, पण तिथे वस्तू असते आणि साक्षीदार नसतो. खटल्यात नुसता मुद्देमाल बघून निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला आपण काय म्हणू?

यावरचा पहिला आक्षेप जोरकस आहे, की हे साक्षीदार बिनधास्त काहीही सांगतात. नाकारण्यात अर्थ नाही. सुट्टीच्या दालनात प्रत्येक तलवार शिवकाळातली असते, प्रत्येक तोफ एका विशिष्ट लढाईत डागलेली असते आणि प्रत्येक भुयार जवळच्या किल्ल्यापर्यंत जातं, मग मध्ये दोन नद्या का असेनात. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांसाठी वाघनखं महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याला मांडली गेली. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं ते संग्रहालय स्वतःच नमूद करतं. गर्दीला असला संकोच नव्हता. पण विद्वानांना तरी तो नेहमी असतो का? १९३८ साली पोम्पेईत, वेसुव्हियसच्या राखेखाली, वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती बाई सापडली. तिला लगोलग 'पोम्पेईची लक्ष्मी' हे नाव पडलं. पुढे अभ्यासकांनी नीट पाहिलं तेव्हा ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं बहुतेकांचं मत झालं, पण नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. भरगच्च दागिने घातलेली बाई दिसली की 'लक्ष्मी आली' म्हणायची सवय आपल्याकडच्या लग्नमांडवातच आहे असं नाही; इटलीतही आहे.

आणि या पोम्पेईच्या बाईची जवळची नातेवाईक कुठे आहे, तर तेरच्या संग्रहालयात. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती तिथे सापडली, आणि पोम्पेईची बाई दख्खनमधून गेली असावी या तर्काला त्यामुळे बळ आलं. हे तेर म्हणजे पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं, जिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. (दहा दिवस हा आकडा वाचून हसू नये, स्वातंत्र्यदिनाला जोडून शनिवार आला, की टोलनाक्यावरच्या माणसाला तो फार वाटत नाही.) आता हे सगळं जमलं कसं? रामलिंगप्पा लामतुरे हे गावातलेच गृहस्थ. पाऊस झाला की तेरच्या पांढरीत मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत, त्या त्यांनी जमवल्या, जपल्या. त्यातून शासकीय संग्रहालय उभं राहिलं. म्हणजे ज्या गर्दीला आपण 'अडाणी' म्हणून बाजूला सारतो, त्या गर्दीतल्याच एका माणसानं 'हे तर आपल्याकडचं' असं म्हणून वस्तू उचलली नसती, तर विद्वानांना तर्क करायला काही उरलंच नसतं. शिवाय गोरा कुंभाराच्या गावात मडकी बघायला आलेली माणसं मडक्याबद्दल तरी गप्प बसतील, ही अपेक्षाच मुळात जास्त आहे. काठ बघून चाकावरचं की हातावरचं हे सांगणारे, बोटानं न वाजवता (काच मध्ये असते) भाजणी कच्ची आहे म्हणणारे तिथे भेटतात. त्यांचं चुकलं तर शेजारचा लगेच चूक काढतो. पाटीची चूक काढायला कुणी शेजारी नसतो. ती रंग उडेपर्यंत बरोबर राहते.

दुसरा आक्षेप नासधुशीचा. गर्दी काचांना नाकं टेकवते, लाकडी जिन्यावर धाडधाड चढते, एखादा दांडगा पोरगा तोफेवर बसून फोटो काढतो. खरं आहे, आणि तोफेवरून त्याला खाली उतरवलंच पाहिजे. पण छोट्या संग्रहालयाचे खरे शत्रू म्हणजे ओल, वाळवी, कसर आणि गळकं छप्पर. ते तिकीट काढून येत नाहीत आणि त्यांना साप्ताहिक सुट्टीही नसते. उलट गर्दी आली की दिवे लागतात, पंखे फिरतात, खिडकी उघडते, हवा खेळते आणि छपरातून ठिबकणारं पाणी चारजणांच्या डोक्यावर पडल्यामुळे त्याची तोंडी का होईना तक्रार होते. शांत मंगळवारी तेच पाणी गुपचूप एखाद्या पोथीवर पडत असतं. सेल्फीबद्दल मी बोलणार नाही. ज्या कपाटासमोर कुणीच फोटो काढत नाही, त्याची काच कधी पुसली जाते ते एकदा बघावं.

तिसरा आक्षेप असा, की संग्रहालयातली प्रत्येक वस्तू काही कुणाच्या घरातली नसते, आणि त्यापुढे मात्र मला थोडं मागे सरावं लागतं. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उभारलं. प्रजेला सूर्यनमस्कार घालायला लावणारा हा राजा चित्रकार होता आणि नजर अशी, की हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्प आज साताऱ्याच्या एका आडबाजूच्या डोंगरावर आहे. त्यापुढे गर्दी काय सांगणार? 'हे आपल्याकडे होतं' असं हेन्री मूरबद्दल म्हणणारं घराणं महाराष्ट्रात तरी माझ्या ऐकिवात नाही. तिथे शांतता हवी, वेळ हवा, मागून ढकलणारं कुणी नको. कबूल. पण त्याच संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रंही आहेत, आणि मूरच्या पुढून झपाझप गेलेली माणसं तिथे आपोआप थबकतात. का? तर रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर लटकल्या. त्या चेहऱ्यांशी आपली चार पिढ्यांची उठबस आहे. म्हणजे अपवाद म्हणून आणलेलं औंध शेवटी माझ्याच बाजूनं साक्ष देऊन जातं. ज्या वस्तूशी घरोबा आहे ती गर्दीत बघावी, जिच्याशी नाही ती एकांतात. आणि छोट्या संग्रहालयात पहिल्या जातीच्या वस्तू नव्वद टक्के नसल्या तरी बहुसंख्य नक्कीच असतात.

दुःख एवढंच, की या सगळ्या साक्षी हवेत विरतात. बाहेर पडताना अभिप्राय वही असते. दालनात सावकाराची शीग उलगडून दाखवणारे आजोबा त्या वहीपुढे बसले, की एकदम सरकारी होतात आणि लिहितात, 'संग्रहालय अत्यंत माहितीपूर्ण आहे. पिण्याच्या पाण्याची सोय करावी.' खाली सही, गाव, तारीख. आत्याबाई लिहीतच नाहीत, कारण चष्मा गाडीत राहिलेला असतो. वर्षभराच्या वह्या चाळल्या तर या प्रदेशातल्या लोकांना इतिहासाबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे त्याला पंखे कमी पडतात, असा निष्कर्ष पुढच्या संशोधकांनी काढला तर त्यांचा दोष नाही.

उपाय अगदी स्वस्तातला आहे. सुट्टीच्या दिवशी मापांच्या कपाटाजवळ दोन खुर्च्या टाकाव्यात, एकीवर आजी-आजोबांना बसवावं आणि दुसरीवर वही-पेन घेऊन, नाहीतर फोनवर आवाज टिपत, एखादा कर्मचारी बसवावा. कोण काय म्हणालं, कुठल्या गावचं, कोणी खोडून काढलं, एवढंच टिपायचं. खरं-खोटं पुढे मंगळवारी येणाऱ्या विद्वानांनी बघावं, त्यांना शांतता असतेच. याला एकच प्रशासकीय अडचण आहे. सुट्टीच्या दिवशी बसवलेल्या कर्मचाऱ्याला बदली रजा द्यावी लागेल. ती इतर दिवशी द्यायची तर दालन उघडायला माणूस उरत नाही, आणि सोमवारी द्यायची तर तो म्हणणार, सोमवारी संग्रहालय बंदच असतं, ती सुट्टी माझीच आहे.